कंपाउंडाच्या भिंतीवरून

अक्का, शेवग्याच्या शेंगा राहू देत तिथंच भिंतीवर, मागनं घेते. आधी ऐका. ‘पर्व’ संपली एकदाची. काल लाईट गेली तर टॉर्च लावून शेवटची पानं काढली. आमचे हे म्हणतात, युद्ध संपून हजारो वर्षं झाली, तू आता कशाला जागतेस?

तुम्ही म्हणत होता ते पटलं हो. भैरप्पांनी देव, शाप, वरदान सगळं काढून बाजूला ठेवलंय, आणि खाली उरलीत ती आपल्या घराघरांतली माणसं. सुरुवातच बघा की, शल्याच्या घरात. राजाचं घर, आणि बोलणं कसलं, तर नातीचं लग्न आणि तिच्यासाठी किती शुल्क घ्यायचं त्याचं! पहिली शंभर पानं मला जडच गेली, खोटं कशाला सांगू. पण पुढं युद्धाची जमवाजमव सुरू झाली आणि मग पुस्तक हातातनं सुटेना. एवढी माणसं, एवढी जनावरं एका माळावर गोळा झाली, त्यांनी खायचं काय, पाणी कुठलं प्यायचं, घाण कुठं जायची? इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, एका बुवानं हे सांगितलं नाही. कुरुक्षेत्राचा वास नाकात बसलाय माझ्या.

तुम्ही मूळ कन्नडात वाचलीत, मी उमाताई कुलकर्णींच्या मराठीत. त्या जन्मानं आपल्या बेळगावच्याच, माहीत आहे न्हवं? त्यांचं ‘संवादु अनुवादु’ म्हणून आत्मचरित्र आहे, ते मी ‘पर्व’च्या आधी वाचलं. यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचायचे, टेप करून ठेवायचे, आणि ते ऐकत ऐकत ह्या मराठी लिहायच्या. असं करत करत ‘वंशवृक्ष’ला १९८९ साली साहित्य अकादमीचं अनुवादाचं पारितोषिक मिळालं. आता विचार करा, किती घरांत नवरा बायकोला वाचून दाखवतो? आमच्याकडं पेपरातल्या मयताच्या जाहिराती तेवढ्या वाचून दाखवतात.

आणि आपलं तरी काय वेगळं चाललंय? त्या बानू मुश्ताकबाईंच्या गोष्टी तुम्ही मला ह्या भिंतीवरच तर सांगितल्या. हासनच्या वकीलबाई. २०२५ साली त्यांच्या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा टीव्हीवर सगळे इंग्रजी नावच घेत होते, ‘हार्ट लॅम्प’, ‘हार्ट लॅम्प’. तुम्ही मात्र इथं मेथी निवडत निवडत ती मेहरुनची गोष्ट कन्नडातनं उचलून आपल्या मराठीत सांगितलीत. अंगावर रॉकेल ओतून घेतलेली ती बाई, आणि पोरगी येऊन पायाला मिठी मारते ती. त्या दिवशी माझी भाजी करपली. पुस्तक मी डोळ्यांनी वाचलेलंच नाही, तरी ‘वाचलेली पुस्तकं’ म्हणून वहीत त्याचं नाव घातलंय. चालतंय की. पण एक सांगू? सगळ्या बायका सोसणाऱ्याच आणि सगळे पुरुष तसलेच, असं सलग ऐकलं की मन जरा थकतं. एकेक गोष्ट सुटी सुटी घ्यावी ते बरं. तुम्हाला नाही पटत? नाही पटलं तर नाही पटलं. तुमचं माझं सीमाप्रश्नावर तरी कुठं पटतं! तो विषय भिंतीवर आणायचा नाही असं ठरलंय, म्हणून तर पुस्तकांवर भांडायला मोकळीक आहे.

कर्णाचं सांगायचं राहिलं. ‘पर्व’ वाचून झाल्यावर मी मुद्दाम ‘मृत्युंजय’ पुन्हा काढली. कॉलेजात असताना रडत वाचलेली. आता काय झालं कुणास ठाऊक. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, वृषाली, शेवटी कृष्णसुद्धा बोलतो, पण सगळे एकाच आवाजात, एकाच थाटात. प्रत्येकाच्या तोंडी सूर्य आणि सागर. सावंतांची लेखणी भारी, ती त्यांनी सगळ्यांना वाटून टाकली. मग रणजित देसाईंची ‘राधेय’ घेतली, ती आटोपशीर आहे, मला तीच जास्त आवडली. आमच्या सूनबाईंना हे सांगितलं तर त्या माझ्याकडं असं बघायला लागल्या जणू मी देव्हाऱ्यातली मूर्ती हलवली. पण बघा हं, सावंत आजऱ्याचे, देसाई कोवाडचे. दोन्ही गावं आपल्या निपाणीच्या आसपासचीच. कर्णाला आमच्या भागानं दत्तकच घेतलंय म्हणा की! आणि सावंतांच्याच ‘छावा’वरचा सिनेमा आला तेव्हा गल्लीतल्या सगळ्या पोरांनी कादंबरी मागितली. दोघांनी नेली. एकानं परत दिली ती साठाव्या पानावर बसचं तिकीट ठेवून. दुसऱ्यानं अजून दिलेली नाही. नाव घेत नाही, त्याची आई तुमच्या भिशीत आहे.

माझं माहेर टिळकवाडीचं. तिथं कुणालाही पुस्तकाबद्दल विचारा, पहिल्यांदा ‘रावसाहेब’ येणार. पुलं आरपीडी कॉलेजात शिकवायला होते, त्यामुळं माझ्या माहेरच्या प्रत्येक घरात कुणीतरी एक म्हातारा असा असतोच की ज्यानं पुलंना बघितलेलं आहे, नाहीतर कृष्णराव हरिहरांना तरी. मला संशय आहे की त्यातले निम्मे तेव्हा पाळण्यात असतील. पुलंच्या आवाजातलं ‘रावसाहेब’चं रेकॉर्डिंग आपण सगळ्यांनी ऐकलंय, पाठ आहे. पण ‘गणगोत’ हातात घेऊन वाचा तुम्ही. ऐकताना लोक हसतात, त्या हसण्याच्या आवाजात शेवट बुडून जातो. वाचताना हसणारं कुणी नसतं, आणि मग कळतं की हा लेख मैत्रीचा आणि माणूस गेल्याचा आहे. तुमच्या माझ्या बोलण्यातलं कन्नड-मराठीचं जे काय त्रांगडं आहे ते पहिल्यांदा कुणी मानानं छापलं असेल तर त्यांनी. तरी ‘गणगोत’मधला माझा आवडता लेख तो नव्हेच. ‘ऋग्वेदी’. आजोबांवरचा. तो वाचा आणि मला सांगा.

आता ‘वनवास’. तुमच्या नातवाला मोबाईलवर ‘लंपन’ ती मालिका दाखवली होती न्हवं, २०२४ साली आलेली, गोव्याच्या इफ्फीत बक्षीसही मिळालं तिला. चांगली केलीय. पण मालिकेत लंपन दिसतो, पुस्तकात तो डोक्यात बोलतो, हा फरक मोठा आहे. पोरगं आई-बाबांपासून लांब आजी-आजोबांकडं राहतंय, त्याला काय वाटतंय ते कुणालाच सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून तो उगाच भलभलते आकडे सांगतो, प्रत्येक गोष्टीला ‘मॅड’ म्हणतो. रस्ते आपले, शाळा आपली, आजी हाक मारते ती आपल्यासारखी. बेळगावात वाढलेल्या माणसानं हे पुस्तक वाचताना मधेच उठून खिडकीतनं बाहेर बघितलं नाही असं व्हायचंच नाही.

प्रकाश नारायण संतांचं मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माणूस भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक, कऱ्हाडला. तरुणपणी थोड्या कथा लिहिल्या, आणि मग कितीतरी वर्षं गप्प. ‘वनवास’ आलं १९९४ साली, म्हणजे तोपर्यंत पन्नाशी उलटून गेलेली. पुढं ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, आणि २००३ साली ते गेल्यावर ‘झुंबर’. लंपनची चारच पुस्तकं. दरवर्षी एक कादंबरी काढणारे आहेत आपल्याकडं, त्यांची नावं आठवत नाहीत. चारांत मला ‘शारदा संगीत’ सर्वांत वरचं वाटतं. ‘पंखा’ वाचताना मात्र मधूनमधून वाटलं की लंपनला थोडं मोठं होऊ द्यायला हवं होतं. आमच्या भावाला हे फोनवर बोलले तर तो आठवडाभर बोलला नाही. बेळगावकर लंपनच्या बाबतीत फार हळवे आहेत.

संतांची आई म्हणजे कवयित्री इंदिराबाई. आयुष्याचा मोठा भाग बेळगावात काढला त्यांनी. ‘गर्भरेशीम’ला १९८४ साली अकादमी मिळालं, पण कवितांबद्दल मी बोलणार नाही. कविता मला एकटीला कळते, दुसऱ्याला सांगायला गेले की सांडते. ‘मालनगाथा’ मात्र तुमच्यासाठी काढून ठेवलंय. जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांनी लिहिलंय ते. तुमच्या आई दळताना कन्नडातनं म्हणायच्या ती गाणी तुम्ही मला ऐकवली होती ना, माहेरच्या वाटेची, भावाच्या बैलांची? तेच सगळं इकडं मराठीत आहे. फक्त सलग वाचू नका. रोज दोन पानं, सकाळच्या चहाबरोबर.

थांबा, कुकर बंद करून येते.

हां. तर दळणावरनं आठवलं. महादेव मोरे. अक्का, ह्या गावात माणूस पिठाची गिरणी चालवत होता आणि कादंबऱ्या लिहीत होता. आधी टॅक्सी चालवली, मग गिरणी. २०२४च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांत मोठमोठे लेख आले. निपाणीत किती घरांत त्यांचं एक तरी पुस्तक आहे? तुम्ही मोजा तुमच्या ओळीतली, मी मोजते माझ्या. बायका डबा घेऊन गिरणीत जायच्या, पीठ घेऊन यायच्या, जाडं दळलं की बारीक एवढंच बोलायच्या. लेखक म्हणजे कसा, झब्बा घातलेला, लांब कुठंतरी राहणारा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. अंगावर पीठ उडालेला लेखक आपल्याला ओळखूच येत नाही.

मी ‘एकोणिसावी जात’ वाचली. ट्रकवाले, टॅक्सीवाले, क्लीनर, गॅरेजातली पोरं, हायवेवरचे धाबे हे मोऱ्यांचं जग. आपल्या दारावरनं पुणे-बेंगळुरू रस्ता गेलाय, रात्रंदिवस गाड्या जातात, आपल्याला त्यातला फक्त हॉर्न ऐकू येतो. गाडीत बसलेल्या माणसाला घर आहे, भूक आहे, पोलिसाची भीती आहे, हे मला त्या पुस्तकानं दाखवलं. भाषा मात्र सोवळ्यातली नाही हो. शिव्या शिव्यांसारख्या छापल्यात. पहिल्यांदा मी पान झाकून वाचत होते, नातू शेजारी बसलेला. नंतर लक्षात आलं, नातवाला त्या सगळ्या माहीत आहेत. एक तक्रार आहे माझी, ती सांगते. काही ठिकाणी मोरे आवरतच नाहीत. एका प्रसंगात सांगून झालंय ते दुसऱ्यात पुन्हा सांगतात. कुणी चांगला संपादक मिळाला असता तर, असं वाटतं. पण जे सांगतात ते दुसऱ्या कुणाला सांगताच आलं नसतं.

अनिल अवचटांनीही आपल्या तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर लिहिलंय, ‘माणसं’मध्ये. ते लेख वाचून गावातले काही लोक तेव्हा चिडले होते, निपाणीची बदनामी केली म्हणून. मला विचाराल तर बदनामी त्या तंबाखूच्या धुळीनं केली होती, अवचटांनी फक्त तारीख-वार घालून लिहिलं. बायका सकाळपासून त्या ठसक्यात बसायच्या, खोकत खोकत. तुमच्या मागल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून खोकतात की. अवचट बाहेरनं आले, डोळे उघडे ठेवून हिंडले, नीट लिहून गेले. मोरे इथंच राहिले. दोघांचं वाचावं, पण आधी अवचट वाचा. त्यांचं वाचायला सोपं जातं.

आणि तंबाखूचं आंदोलन तर तुमच्या डोळ्यांसमोर झालं. शेतकरी हायवेवर बसले होते, शरद जोशी आलेले, १९८१च्या ६ एप्रिलला गोळीबार झाला. तुमचे सासरे त्या दिवशी रात्री उशिरा घरी आले आणि जेवले नाहीत असं तुम्ही सांगितलं होतं. म्हणून मी जोशींचं ‘अंगारमळा’ मागवलं. वाटलं, तंबाखूचा भाव, उसाचा भाव, सगळा हिशेब असेल. हिशेब आहे, पण त्याहून जास्त एक एकटा माणूस स्वतःशी बोलत बसलाय त्यात. परदेशातली चांगली नोकरी सोडून कोरडवाहू शेती घेतलेला. पुढाऱ्यांची पुस्तकं अशी नसतात. पुढारी स्वतःच्या पुस्तकात कधी हरत नाही.

राजन गवसांचं ‘चौंडकं’ तुम्हाला देऊ की नको, हा माझा प्रश्न आहे. तुम्ही दरवर्षी सौंदत्तीला जाता, यल्लम्माला मानता, तुमचा परडीचा नेम आहे. हे पुस्तक देवीवर नाही, देवीच्या नावावर पोरींचं काय केलं त्यावर आहे. आणि ‘भंडारभोग’ जोगत्यांवर, पोराला पुरुषपण सोडायला लावून देवाला वाहिलं त्यावर. ‘जोगवा’ सिनेमा आपण दोघींनी बघितला, रडलोही. पण सिनेमात गाणी आहेत, गाण्यानं दुःख सुसह्य होतं. पुस्तकात गाणं नाही, नुसतं चौंडकं वाजतंय. कर्नाटकानं १९८२ साली देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा केला, ‘चौंडकं’ त्याच्या नंतरचं, १९८५चं. म्हणजे कायदा कागदावर आला होता आणि पोरींच्या गळ्यातले दर्शनाचे मणी अजून तसेच होते. मी म्हणते, वाचाच. यल्लम्मा एवढी लहान नाही की पुस्तकानं रागावेल.

‘रिंगाण’ मी अर्ध्यावर आहे. कृष्णात खोतांचं, २०२३चं अकादमीवालं. धरणात गाव गेलं, माणसं उठवली, आणि मागं राहिलेल्या म्हशीला आणायला एकजण परत जातो, एवढीच गोष्ट. पुण्याची आमची जाऊ म्हणते भाषा अवघड आहे, दोन पानांपुढं जाईना. मला तर वाटलं आमच्या गोठ्यात कुणी बोलतंय. पण सावकाश वाचावं लागतं, घाईत वाचलं की रानात वाट चुकते.

बाकीचं पटापट सांगते, ऊन चढायला लागलंय. जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ छान आहे. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. जन्म मात्र आपल्या कोल्हापूरचा. एवढा मोठा माणूस, कुठंही आवाज चढवत नाही. बनारसचा भाग सगळ्यात रंगलाय, पुढं पुढं संस्था आणि समित्या वाढतात. मीना प्रभूंचं ‘तुर्कनामा’ वाचून आमच्या ह्यांनी तुर्कस्तानला जायचा बेत केला, तो गोकाकच्या धबधब्यावर संपला. बेंगळुरूच्या भाच्यानं ‘श्रीमंत कसं व्हावं’ छापाचं एक भाषांतर पाठवलं होतं. चाळीस पानं वाचली, सगळीत एकच वाक्य वेगवेगळे कपडे घालून उभं होतं. ते रद्दीत नाही घातलं, खिडकी आपटते तिथं ठेवलंय.

हसू नका, पण ह्या महिन्यात सगळ्यात जास्त मजा आली ती कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ पुन्हा वाचताना. १९७०चं पुस्तक. स्वयंपाकासाठी नव्हे, नुसतं वाचायला घेतलं, गादीवर पडून. वाटी-चमच्याच्या मापात सगळं लिहिलंय, ‘अंदाजे’ म्हणून कुणाला फसवलेलं नाही. एवढी स्पष्ट मराठी किती कादंबरीवाल्यांना लिहिता येते? तुमचे मांडे मात्र त्या पुस्तकावरनं कुणाला जमायचे नाहीत, ते हातालाच यावे लागतात.

आता येत्या हिवाळ्यात कडोलीला नाहीतर उचगावला साहित्य संमेलन होईल, ग्रंथदिंडी निघेल, लेझीम होईल. जाऊ या की दोघी. भाषणं लांबतात, अध्यक्षांच्या आधी सहाजण बोलतात, ते सोडून द्या. पुस्तकांचे स्टॉल लागतात ते आपले. मागल्या खेपेला तिथं मोऱ्यांची पुस्तकं शोधली तर एकही नव्हतं, योगासनांची मात्र चिक्कार होती. स्टॉलवाल्याला विचारलं तर म्हणाला, कोण मागत नाही, बाई. बरोबर आहे त्याचं. मागितलं नाही तर तो कशाला आणेल? म्हणून ह्या खेपेला दहा बायकांनी ओळीनं जाऊन मोऱ्यांचंच पुस्तक मागायचं, असं मी भिशीत सांगणार आहे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातही विचारायचं, दीडशे वर्षांहून जुनं वाचनालय आहे, तिथं असेल तर गावातल्या पोरांना आणून द्यायचं.

द्या त्या शेंगा इकडं. आणि ही ‘एकोणिसावी जात’ घ्या. वाचताना जिथं अडेल तिथं हाक मारा, मी मोठ्यानं वाचून दाखवीन. पण परत देताना ‘छान आहे’ एवढंच म्हणून सुटायचं नाही, अक्का. आवडलं नाही तर कुठल्या पानावर आवडलं नाही ते सांगायचं.